हौश्याच्या कपाळावरला चंद्र

जळबामामाला जाऊन आता काही महिने झाले. त्याच्या हातचे लाकडी बैल आमच्या कुरुंदा गावात अजून घराघरात हायेत. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, मुठीत मावंल येवढा बैल. कुणाचा बैल मेला की त्याच्यासारखा लाकडाचा करून पोळ्याला पाटावर पुजायचा, अशी आमच्या भावकीत रीत. मामा सगळा रंग देऊन झाल्यावर शेवटी डोळा काढायचा. तो एकदाच. पुसला गेला तं दुसऱ्यांदा काढायचा न्हाई, तो बैल पाण्यात सोडायचा.

चौऱ्याहत्तर सालचा पोळा. गल्लीतल्या जनकाबाईचा हौश्या उन्हाळ्यात साप चावून मेला व्हता. आदल्या दिवशी सकाळीच ती बैल न्यायला आली. हातात घेतला, उजेडात धरला.

"जळबा, ह्यो कुणाचा बैल रे?"

"काहून? तुझाच की मावशे. हौश्या."

"हौश्याच्या कपाळावर चंद्र कवा व्हता?"

मामानं वाकून पाह्यलं. आजवर बहुतेक बैल कपाळावर पांढऱ्या चंद्राचेच केलेले, हात आपसूक गेला व्हता.

"आण हिकडं. वरून तांबडा मारतो."

"अन् खाली चंद्र तसाच? कपाळ कोरं म्हणून बाजारात कुणी घेईना त्याला, तवा आमच्या मालकानं घेतला. आन् तो मेल्यावर तू चंद्र लावून राहिला व्हय रे?"

"काढतो मावशे. पण डोळा गेला तं बैल गेला. मंग मला बोलायचं न्हाई."

"बोलीन. काढ तू."

ती उंबऱ्यातच बसली.

मामानं मेण चोळून मऊ केलं अन् दोन्ही डोळ्यांवर दाबून बसवलं. बाभळीच्या काट्याला कापूस गुंडाळला, राकेलमधी बुडवून पिळून घेतला. तांबडा रंग जुना, वाळून कडक झालेला, पांढरा कालचा. पांढराच तेवढा सुटायला पाहिजे व्हता. मधून सुरू करून तो कडंकडं गेला. कापूस मळला की फेकायचा, नवा घ्यायचा.

"लेकराचं नाक पुसून राहिला की काय?" जनकाबाई म्हणली.

"हसवू नको मावशे. हात हालतो."

डाव्या डोळ्याच्या वर एक रेघ राहिली. तिथं राकेल लावलं तं मेणाखाली जाईल. मामानं काचेचा तुकडा घेतला, बैल गुडघ्यात धरला अन् कोरडंच खरवडलं. रेघ निघाली. पण तिच्यासंगं तांबडाही निघाला, खालचं लाकूड दिसाया लागलं.

त्यानं मेण उचकटलं. डोळे जागच्या जागी व्हते. बैल त्यानं तिच्या हातात दिला.

"जरा खरवडलं मावशे. आण, तेवढ्या जागंवर तांबडा लावतो."

जनकाबाईनं त्या जागंवरून अंगठा फिरवला.

"राहू दे. गव्हाणीला घासून घासून असंच झालं व्हतं त्याचं."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. मंग वेशीत जोड्या उभ्या राहिल्या. जनकाबाईकडं हौश्याचा जोडीदार बाळ्या एकटाच. कुणीतरी म्हणलं, एका बैलाला कशाला आणलं? हौश्याला नेहमी उजवीकडं जुंपायचे. ती बाळ्याच्या उजव्या अंगाला गेली अन् लाकडाचा बैल त्याच्या खांद्याच्या उंचीवर धरून चालाया लागली.