‘सोड!’

नेदरलँड्समधल्या आल्मेरेत दर शनिवारी सकाळी आम्ही पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले फुटबॉल खेळायचो, तेव्हा गोलमध्ये तो उभा असायचा. त्याचे वडील डच, आई जपानी. जपानमधल्या एका व्यावसायिक क्लबात तो तिसरा गोलकीपर होता. करार संपल्यावर वडिलांकडे परतला होता. खेळ सुरू होण्याआधी तो दोन्ही खांबांना हात लावी आणि आमच्या ढिल्या फटक्यांवरही पूर्ण ताकदीने झेपावे.

खेळाच्या घाईत आम्हाला फक्त मराठी ऐकू येतं, हे त्याने पहिल्याच शनिवारी हेरलं. तेव्हापासून चेंडू घ्यायला पुढे येताना तो ‘सोड!’ असं ओरडू लागला. तरी आमचा कुलकर्णी कधीच सोडत नसे.

दोन हजार सहाच्या वसंतात दुसऱ्या जपानी क्लबाने त्याला ट्रायलला बोलावलं. “ही शेवटची,” तो इंग्रजीत म्हणाला. “नाही जमलं तर स्किपोल विमानतळावर बॅगा चढवीन.”

तीन आठवड्यांनी तो मैदानावर आला आणि मोजे चढवता चढवता त्याने सांगितलं, “पहिल्याच कॉर्नरला मी ‘सोड’ ओरडलो.”

“मग?”

“डिफेंडर दचकून थांबला. चेंडू मी घेतला. कोच म्हणाले, हा डच शब्द चांगला आहे.”

“आणि करार?”

“दोन वर्षांचा.”

त्या दिवशी तो आमच्याकडून शेवटचा खेळला. उंच चेंडू आला, तो ओरडला, आणि कुलकर्ण्याने हेडर मारून आमच्याच गोलमध्ये घातला.

“भाऊ,” कुलकर्णी म्हणाला, “जपान्याला कळलं ते मला का कळत नाही रे?”

तो जाळीतला चेंडू काढायचं विसरून हसत राहिला.