व्हीसीआरमधलं कुंकू

मशीनवर राग काढणारा माणूस मूर्ख असतो, हे मला मान्य आहे. पण त्या दसऱ्यानंतरच्या तीन दिवसांत मी आमच्या व्हीसीआरला ज्या शिव्या दिल्या, त्या ऑफिसातल्या साहेबालासुद्धा कधी दिल्या नाहीत. मनातसुद्धा नाही.

उटनूरला तेव्हा नुकतीच केबल आली होती आणि आदिलाबादच्या एका व्हिडिओवाल्यानं आपला पसारा विकायला काढला होता. त्याच्याकडून मी तो जुना व्हीसीआर उचलून आणला. बायको म्हणाली, "अवो, जग केबल घेऊन राह्यलं अन् तुमी हे धूड काऊन आनलं?" मी म्हटलं, आत्यासाठी. मग तिनंच टीव्हीखाली जागा करून दिली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. भीमपूरकडच्या एका खेड्यात राहायची, चार एकरांत कापूस करायची. आमची आई गेली तेव्हा माझी धाकटी बहीण दोन वर्षांची होती. तिला आत्यानं उचलून नेलं आणि लग्नापर्यंत पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. लग्न मुधोळला आमच्या मूळ घरी, दारातल्या मांडवात झालं, आणि ते आत्यानं पाहिलं नाही. ती विधवा. मंगलाष्टकांच्या आधी काका म्हणाले, तिला ओसरीवरच्या खोलीत बसू द्या, मुलीच्या नजरेसमोर नको. आत्या तर कोणी सांगायच्या आधीच तिथे जाऊन बसली होती. मग दार लोटलं गेलं.

लग्नाची कॅसेट दोन वर्षं माझ्या कपाटात पडून होती. आत्या भेटली की एकच विचारायची, "बाबू, थे लगनाचं टीव्हीत कवा दाखवतं मले?"

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. पिशवीत सीताफळं, हातात चपला. खुर्ची दिली तरी टीव्हीसमोर सतरंजीवरच बसली. "तीन दिस हाय मी," म्हणाली. "परवा दुपारच्या गाडीनं जातो. कापूस फुटून राह्यला, वेचाले बाया सांगून ठेवल्या."

तीन दिवस! मी हसलो. कॅसेट घालायला तीन मिनिटं लागतात.

कॅसेट घातली, बटण दाबलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. पांढऱ्या, काळ्या, तिरप्या पळणाऱ्या. चित्र नावाला नाही. आवाज मात्र खणखणीत. बँडवाला वाजवतोय, कोणीतरी "अक्षता वाटा रे" म्हणून ओरडतंय, आणि मग भटजींचा सूर लागला. मंगलाष्टकं सुरू झाली. आत्या मुंग्यांकडे टक लावून बसली होती. सगळी मंगलाष्टकं संपली, बँड पुन्हा सुरू झाला, तेव्हा म्हणाली, "आयकाले तं तवाबी आलं होतं, बाबू."

माझ्या अंगात बहिणीच्या लग्नासाठी शिवलेला, आता घरात घालायला काढलेला निळ्या पट्ट्यांचा शर्ट होता. त्याच्या बाह्या वर सारल्या आणि भिडलो.

ट्रॅकिंगचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. टीव्हीचं चॅनेल पुन्हा लावलं. मागची वायर काढली, फुंकली, घातली. स्टॅबिलायझर बदलून पाहिला. एकेका उपायानंतर मी वळून बघायचो आणि आत्या आशेनं मान पुढे काढायची. पुन्हा मुंग्याच. शेवटी वरून एक थाप मारली. त्यावर बायको म्हणाली, "मारून सरळ व्हाले थे काय बैल हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याकडून सिनेमाची कॅसेट आणली. तिच्यातही मुंग्या. म्हणजे कॅसेट ठणठणीत, रोग मशीनला. मग ऑफिसातल्या एकानं अक्सीर इलाज सांगितला. दहाची कोरी करकरीत नोट घ्यायची, स्पिरिटमध्ये भिजवायची आणि कॅसेट जाते त्या फटीतून आत हात घालून टेप वाचणाऱ्या हेडवर फिरवायची. तेव्हा सगळे असंच करायचे. मीही केलं. नोट हेडपर्यंत पोचायच्या आधीच तिचा कोपरा फाटून आत राहिला आणि तो चिमट्यानं काढायला तासभर गेला. त्यानंतर लग्नाची कॅसेट घातली तर मशीननं टेपच गिळली! घर्र घर्र आवाज आला, आणि ओढली तर हातभर टेप आतड्यासारखी बाहेर. ती फाटली असती तर आत्याला काय सांगणार होतो मी? एकेक इंच सोडवत, बोटानं चकती फिरवत टेप आत घेतली. सुरुवातीचा हळदीचा भाग चुरगळला, बाकी वाचली.

"राहू दे नं बाबू," आत्या म्हणाली. "मी आली म्हनूनच बिघडलं असन थे. माहा पायगुनच तसा."

"काहीतरी बोलू नको!" मी ओरडलोच तिच्यावर. चूक मशीनची आणि ओरडा तिला. नंतर फार वाईट वाटलं, पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.

मशीन पोत्यात गुंडाळून बाजारातल्या मेकॅनिककडे नेलं. त्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही. मुंग्या पाहिल्या, पान थुंकला आणि तेलुगूत म्हणाला, "हेड पोयिंदी सार." हेड गेलं म्हणे. नवीन हैदराबादहून येणार, आठ दिवस. मी म्हटलं, भई, खोलके तो देखो. तर म्हणे, देखने का क्या है साब, हेड गया तो गया. अस्सा संताप आला! डॉक्टरनं नाडी न बघता मर्तिकाची तयारी सांगावी, तसला प्रकार.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं पिशवी भरली. बस साडेबाराची. मी आंघोळही न करता, तोच शर्ट अंगात, पेचकस घेऊन बसलो, चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत लाल!

चकचकीत गोल ड्रमवर कुंकू. खाली कुंकू. रबराच्या चाकाला हळद चिकटलेली. शमीची बारीक पानं टेपच्या वाटेवर पसरलेली, आणि दोन तांदळाचे दाणे अगदी कोपऱ्यात निवांत बसलेले. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. विळा, शिलाई मशीन, स्कूटर, माझं पेन. नवं आलेलं मशीन कसं सुटेल?

"ये इकडे!" मी बायकोला हाक मारली. "पाय तुही पूजा! कोनं सांगतलं होतं तुले आत कुंकू टाकाले?"

ती आली, वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मले काऊन इचारता? म्या फक्त वरून बोट लावलं होतं. तुमीच म्हनले, तोंडात टाक, मशीनचं तोंड थेच. अन् मूठभर तुमीच टाकलं."

खरं होतं. मीच. माझाच हात.

आत्या उठून आली. आत डोकावली. मग एकदम हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कुकवानं बिघडलं का बे थे? अन् मी उगीच माह्या पायगुनाले दोष देऊन राह्यली होती!"

मी हसलो नाही. घड्याळात साडेदहा झाले होते. जुन्या मऊ धोतराचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवला आणि ड्रम बोटानं हळूहळू फिरवत पुसायला लागलो. फडकं लाल व्हायचं, नवं घ्यायचं. पानं चिमट्यानं वेचली. माझ्या बाहीला सगळीकडे कुंकवाचे डाग पडले. पाऊण तास लागला. झाकण न लावताच कॅसेट घातली.

चित्र आलं. स्वच्छ! आमचा मांडव, पताका, माझी बहीण पिवळ्या शालूत. मी टाळीच वाजवली. बायको चहा टाकायचा सोडून धावत आली.

आत्यानं मात्र नवरीकडे धड पाहिलं नाही. तिचे डोळे पडद्याच्या कडांवर फिरत होते. अंतरपाट धरला गेला, कॅमेरेवाल्यानं बायकांवरून कॅमेरा फिरवला, आणि ती ओरडली, "थांबव! मांगं घे!"

मागं घेतलं. बायकांच्या डोक्यांमागे ओसरी, ओसरीवर खोलीचं दार. दार चार बोटं उघडं. त्या फटीत पांढऱ्या लुगड्याची पट्टी आणि अर्धा चेहरा.

"थे पाय! मी हाय!" तिनं माझ्या बायकोचा हात धरला. "मी हाय नं वं लगनात? येवढंच पाहाचं होतं मले. फोटोत तं कुठंच नाई मी."

तेवढ्यात पडद्यावर उजवीकडून एक हात आला. निळ्या पट्ट्यांची बाही. हातानं दार ओढून घेतलं, कडी चढवली आणि निघून गेला. मांडवात अक्षता उडाल्या.

मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो, दार लोटलं गेलं. काकांनी सांगितलं होतं, हे खरं. पण काकांनी दार लोटायला सांगितलं होतं. कडी मी माझ्या मनानं लावली होती, मध्येच कोणी उघडू नये म्हणून. आणि तीच बाही माझ्या अंगात होती, कुंकवानं माखलेली. बायको बाहीकडे बघत होती.

आत्या म्हणाली, "अजून एक डाव लाव. दारापावतरच."

लावलं. हात यायच्या आधी थांबवलं. तिनं तो अर्धा चेहरा डोळे भरून पाहिला. पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा लावलं, पुन्हा वेळेवर थांबवलं. बस निघायला थोडाच वेळ उरला होता. चौथ्यांदा माझं बटण चुकलं आणि हात आला. कडी लागली.

आत्यानं पिशवी उचलली, चपला हातात घेतल्या.

"कडी लावाचं काम नोतं, बाबू," ती म्हणाली. "मी कुठं भाईर येनार होती."