यादीच्या तळाशी सापडलेला भाचा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमधल्या आमच्या अख्ख्या गल्लीत फॅक्स मशीन फक्त आमच्याकडे होतं. म्हणूनच शेजारचा अमेरिकन, पोलाद कारखान्यातला माझा सहकारी, एका सकाळी अनवाणीच आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

त्याचा भाचा कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळायचा. पोराला वडील नव्हते. चेंडू धरायला यानेच शिकवलेलं. तिकडे व्यावसायिक संघांनी कॉलेजची पोरं निवडली होती, आणि बहीण फोनवर एवढंच म्हणाली होती, "यादी पाठवते, तूच बघ."

मशीन गुरगुरलं. लांबच लांब कागद गुंडाळी होत जमिनीवर उतरला. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेली आई चष्मा लावून सरसावली. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. निकाल वाचायचा मान तिचाच.

"नाव, कॉलेज, उंची, वजन… अरे, ही तर स्थळांची यादी! गोत्र तेवढं राहिलं." मग तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "तीनशे दहा पौंड? आणि हा पळतो?"

"पळतो, आणि समोरच्याला आडवा करतो," मी म्हणालो.

"धन्य ती माउली, वाढून वाढून हात दुखले असतील!"

शेजाऱ्याचं बोट मात्र खाली सरकत होतं. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. अगदी तळाशी भाच्याच्या नावावर ते थांबलं आणि त्याचे डोळे भरून आले.

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको रे बाळा. सांग त्याला, ऑक्टोबरला परत बसता येतं."

मीही गाढवासारखं इमानदारीत भाषांतर केलं.

तो रडता रडता हसत सुटला. हजारो पोरांतून ही एवढीच निवडतात, तो म्हणाला. शिवाय गेल्या मोसमात जो संघ सर्वांत वाईट हरला, त्याला पहिली निवड. जो अजिंक्य ठरला, त्याची पाळी शेवटी. भाचा शेवटी होता, कारण त्याला अजिंक्य संघाने उचललं होतं!

मी हे मराठीत सांगितलं. आई कागद हातात धरून खुर्चीत बसली.

"म्हणजे पहिला आलेला 'ड' तुकडीत, आणि शेवटचा थेट 'अ'मध्ये? अरे देवा, सदतीस वर्षं मी उलटंच करत होते की रे!"