चोथ्याची चकली

कोणी काही फेकायला निघालं की काकू आधी त्याची चिमूट उचलायच्या, तळहातावर चोळायच्या, नाकाशी न्यायच्या आणि विचारायच्या, "काहून फेकून राहिले गा?" मुळ्याचा पाला असो की वाळकी लिंबं, उत्तर देईपर्यंत ती वस्तू त्यांच्या पिशवीत गेलेली असायची. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. पण आमच्या काकूंची नजर गेली ती थेट आमच्या कारखान्याच्या ढिगाऱ्यावर.

नागपुरातल्या एका लहानशा बिअरच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. बिअरसाठी मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे बार्ली, भरडतात, गरम पाण्यात मुरवतात, त्याचं गोड पाणी काढून घेतात आणि मागे उरतो तो चोथा. उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत आंबायचा आणि वास भिंत ओलांडून मागच्या वस्तीत शिरायचा. वस्ती जुन्या विणकर घरांची. माग कधीचे थांबलेले. बाया घरी पापड, शेवया, चकलीची भाजणी करून विकायच्या, आणि काकू त्यांच्या पुढारी.

एका सकाळी त्या सगळ्या फाटकाशी आल्या. चोथा हलवा, नाहीतर महापालिकेत जाऊन कारखाना बंद करवतो, असं काकूंनी आवाज न चढवता सांगितलं. तेवढ्यात ताजा चोथा वाफाळत बाहेर आला. काकूंचा हात सवयीनं पुढे गेला. चिमूट नाकाशी आणि मग चक्क जिभेवर. बाकीच्या बाया बघतच राहिल्या.

"हे तं लापशीसारखं लागते गा. यात दारू असते का?"

दारू पुढे होते, त्या गोड पाण्याची. चोथ्यात नशा नसते, हे मी समजावलं. तक्रार तशीच ठेवून काकू दोन बादल्या चोथा घेऊन गेल्या.

पहिला चोथा सावलीत वाळवला, तो आंबला. मग त्यांनी ताजा गरम चोथाच स्लॅबवर पातळ पसरला. ज्या मे महिन्याला आपण सगळे शिव्या घालतो, त्यानं तो संध्याकाळपर्यंत खडखडीत करून दिला. घरच्या जात्यावर दळलेल्या त्या पिठाची चकली घशाला टोचली, कारण सातूची फोलं आत राहिली होती. मग मलमलच्या कापडातून चाळणं आलं. शेवटी जमली. खमंग, भिवापुरी मिरचीची, तोंडात टाकताच विरघळणारी.

आणि तिथंच सगळं अडलं. जात्यावर पुरेना म्हणून डबा चक्कीवर दिला, तर चक्कीवाल्यानं तो परत केला. दारूचं दळण माझ्या चक्कीवर नको, म्हणाला. बातमी पसरली. नेहमीची गिऱ्हाइकं काकूंची साधी भाजणीसुद्धा घेईनात, बरोबरीच्या बाया हळूहळू बाजूला झाल्या. घरातही तेच. काका माळकरी, दारूच्या दुकानासमोरून जायचं टाळून लांबचा रस्ता धरणारे. ते चकलीला हातही लावत नव्हते. काकूंना तेच सगळ्यात जास्त लागलं होतं.

मी त्यांना म्हणालो, काकू, राहू द्या. कुही गावाकडचा एक म्हशीवाला सगळा चोथा न्यायला तयार आहे.

"म्हशीले देजा, मी कुठं नाही म्हणून राहिली," त्या म्हणाल्या. "पण माणसानं काहून खाऊ नये, ते मले कोणी सांगत नाही."

दुसऱ्या सकाळी त्यांनी चक्कीसमोरच शेगडी मांडली. काय आहे, कशाचं आहे, सगळं आधी सांगून तळायला बसल्या. दळणाच्या रांगेतली माणसं लांब उभी. कोणीतरी मागून "दारूवाली" म्हणालं. काकूंचा झारा क्षणभर थांबला, पुन्हा फिरू लागला.

काका रस्त्यापलीकडे उभे होते. त्यांनी ते ऐकलं. सावकाश रस्ता ओलांडून आले, काकूंच्या शेजारी खाली बसले आणि ताटलीतली चकली उचलून खाल्ली. सगळी चकली संपली, तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"अजून दे वं."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि धुराला दोष दिला. काकांची दुसरी चकली संपायच्या आत चक्कीवाला स्वतः ताटलीपाशी आला. त्या दिवशी काकूंचं दळण सगळ्यांच्या आधी झालं.

त्या दिवाळीला वस्तीतल्या बायांच्या चकल्या पुरता पुरेनात. पुढच्या मे महिन्यात गच्चीगच्चीवर चोथा वाळत होता, उरलेला म्हशींना जात होता. वास गेला, कारखाना टिकला, माझी नोकरीही.

मागच्या हिवाळ्यात काकूंची मुलगी दोघांना कायमचं रायपूरला घेऊन गेली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी सुटायला अवकाश होता, तर काकूंनी डबा उघडून समोरच्या कुटुंबाला चकल्या वाटल्यासुद्धा. फलाटावरच्या गोंगाटात शब्द कळत नव्हते, पण त्या हातवारे करून काय सांगत असतील ते मला ठाऊक होतं. समोरच्या बाईंचा घास मध्येच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, चकलीकडे पाहिलं, आणि पुन्हा खायला लागल्या.

गाडी हलली, तेव्हा डबा पलीकडच्या बाकावर पोचला होता. काकूंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या अजून सांगत होत्या.