बावीस खाडे

नोटीस टाइप होऊन माझ्या टेबलावर आली होती. फक्त सही बाकी होती, आणि ती माझी हवी होती.

नोटीस शेषरावांच्या नावाची. आंजी मोठी या गावचे शेषराव, आमच्या सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात सायडर. सायडर म्हणजे लांबलचक मशीनच्या दोन बाजूंमधून पूर्ण पाळीभर फिरत राहायचं आणि तुटलेला धागा दिसला की जोडायचा. एकोणीस वर्षं हा माणूस धागे जोडत होता. आता कॉम्प्युटरने सांगितलं होतं की त्याला काढा.

मी त्या गिरणीत लेबर वेल्फेअर ऑफिसर म्हणून लागले तेव्हा हजेरी मस्टरवर पेनने लिहिली जायची. दोन हजार साल उलटलं आणि गेटवर कार्डाचं मशीन आलं. कार्ड सरकवलं की टुक् आवाज व्हायचा आणि नाव कॉम्प्युटरमध्ये. माझ्या दारावरची पाटीही बदलली. मी एच. आर. मॅनेजर झाले. पगार तोच राहिला.

मशीनमागोमाग पुण्याचे कन्सल्टंट आले. त्यांनी प्रत्येक कामगाराला शंभरपैकी गुण देणारा प्रोग्राम बसवून दिला. त्यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एखादा माणूस सलग दहा दिवस गेला तर त्याचे गुण थोडेच कापले जायचे. दहा वेळा एकेक दिवस गेला तर मात्र भरपूर. कारण साधं आहे. सलग जाणाऱ्याच्या जागी बदली माणूस ठरवता येतो. एका दिवसाच्या खाड्याला सकाळी सात वाजता मशीनपुढे कुणाला उभं करणार? हिशेब मलाही पटला होता.

शेषरावांचे वर्षात बावीस खाडे होते. बावीसही सुटे, एकेका दिवसाचे. जानेवारीत वर्षाची यादी छापली गेली तेव्हा त्यांचं नाव सर्वांत खाली होतं.

आता माझी एक खोड सांगते. कुणी काही झाकलं की मला ते उघडून बघावंसं वाटतं. यापायी सासरी बोलणी खाल्ली आहेत. गिरणीत निदान त्याचा पगार मिळायचा. मी सही करायच्या आधी शेषरावांचे रजेचे अर्ज मागवले. बावीस अर्ज, आणि प्रत्येकावर कारण एकच: घरगुती काम.

मी त्यांना बोलावलं. ते आले, टोपी काढून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"शेषरावभाऊ, बावीस वेळा घरगुती काम?"

"हो मॅडम."

"असं कोणतं काम असतं?"

"घर मोठं हाये."

"अहो, नोकरी जायची वेळ आली आहे. खरं काय ते सांगा."

"खरंच सांगून राह्यलो मॅडम. घर मोठं हाये."

गिरणीच्या नोंदीनुसार घरात तीन माणसं होती. ते, बायको आणि एक मुलगी.

ते गेल्यावर मी त्यांचे खाडे कॅलेंडरवर मांडले. कधी सोमवार, कधी बुधवार, कधी शुक्रवार. दारू पिणाऱ्याचे खाडे असे नसतात, ते पगाराला चिकटून येतात. लग्नसराईतही खास गर्दी नव्हती. मला काही अर्थ लागेना. मग मी आलेख कागद घेतला आणि त्याच खात्यातल्या, त्याच पाळीतल्या, त्याच गावच्या सगळ्यांचे खाडे लाल पेन्सिलने भरले. आंजीचे एकूण अकरा जण होते.

कागद भरून झाला आणि मी बघतच राहिले. वर्षभरात एकही दिवस असा नव्हता की अकरांतले दोघे एकदम गैरहजर आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं लाकडी बैल घेऊन मिरवायला निघाली की आमच्याकडे अर्धं खातं रिकामं व्हायचं. त्याही दिवशी आंजीचा एकच माणूस नव्हता. शेषराव.

मला इतका आनंद झाला की मी तो कागद घेऊन तडक राठी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. राठी साहेब आमचे जनरल मॅनेजर. घराणं व्यापाराचं, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी, डोकं तल्लख. त्यांनी कागद उजेडात धरला.

"वानखेडे मॅडम, इतकं बरोबर कधी असतं का?"

"म्हणजे?"

"कोई किसी का कार्ड मार रहा है. एक माणूस येतो, चार कार्डं सरकवतो. अकराच्या अकरांची एन्क्वायरी लावा. सोमवारपर्यंत रिपोर्ट पाहिजे."

एकाची नोकरी वाचवायला आत गेले आणि अकरा जणांना अडकवून बाहेर पडले. त्या दिवशी मला स्वतःचा मनापासून राग आला.

पुढचे चार दिवस मी सकाळी पावणेसातला गेटवर उभी राहिले. टुक् वाजलं की चेहरा बघायचा, यादीत खूण करायची. मग खात्यात जाऊन पुन्हा डोकी मोजायची. आंजीची अकरा कार्डं, अकरा डोकी. चौथ्या दिवशी दहा कार्डं, दहा डोकी. शेषराव नव्हते. नोटीस डोक्यावर असताना या माणसाने आणखी एक खाडा केला होता. भोळा म्हणावं की मुजोर, मला कळेना.

रविवारी गिरणी बंद असते. मी यजमानांना म्हटलं, चला, आंजीला जाऊन येऊ. ते म्हणाले, सुट्टीच्या दिवशीही? पण स्कूटर काढली.

शेषरावांच्या बायकोने पाणी दिलं आणि सांगितलं, "ते वावरात गेले. तूर सोंगून राह्यले." सोंगणं म्हणजे कापणी. वावर गावाला लागूनच होतं. आम्ही बांधावरून गेलो आणि मी जागीच थांबले.

तीन एकराच्या त्या तुकड्यात आमचं रिंग फ्रेम खातं विळे घेऊन वाकलं होतं. मी नाव घेऊन मोजले. आंजीचे अकराच्या अकरा.

मला पाहून सगळे ताठ उभे राहिले, जणू पाळीत झोपताना सापडले. सगळ्यांत पुढे पुंडलिक होता. हा पुंडलिक आमचा हजेरीतला पहिला नंबर. वर्षभरात एकही खाडा नाही. कामगार दिनाला मी स्वतः त्याला स्टीलचा डबा दिला होता आणि माईकवर म्हटलं होतं, सर्वांनी याचा आदर्श घ्यावा.

"पुंडलिक, तुम्ही इथे कसे?"

तो शेषरावांकडे पाहू लागला. शेषराव म्हणाले, "जाऊ दे ना बाप्पा. मॅडमले पाणी दे."

"नाई भाऊ, आता सांगतो मी," पुंडलिक म्हणाला. "मॅडम, माह्या मायचं डोयाचं ऑपरेशन झालं सावंगीच्या दवाखान्यात, तवा मी कुठी होतो?"

"कुठे होतात?"

"मशीनवर. मायजवळ शेषरावभाऊ होता. दिवसभर."

मग एकेक जण बोलू लागला. सात-बारा काढायला तालुक्याला जायचं असलं की अकरांचे कागद घेऊन एकटे शेषराव जायचे. कुणाच्या पोराचा शाळेचा दाखला, कुणाच्या बहिणीची सोयरीक बघायला एक शहाणा माणूस, कुणाचं बँकेतलं काम. परवाचा खाडा एकाच्या बायकोला दवाखान्यात नेण्याचा होता. लग्नाकार्याला ज्याचं त्याने जायचं, पण आदल्या संध्याकाळी शेषरावांना विचारून. दुसऱ्या कुणाचं आधीच ठरलेलं असेल तर थांबायचं.

"एकानं खाडा केला तं अकराचं काम होते," पुंडलिक म्हणाला. "अकरानं कायले खाडे कराचे? अन् त्याचा जेवढा दिवस गेला तेवढा आमी त्याच्या वावरात फेडतो. सावड हाये आमची."

सावड मला माहीत होती. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे, अशी गावाकडची कामाची फेड. पण ती गिरणीच्या रजेला लावलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"शेषरावभाऊ, हे मला ऑफिसात काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. त्यांच्यात उभं राहिलं की माझीही जीभ वळते.

ते हसले. "तुमच्या फॉर्मवर नातं लिवाले लागते मॅडम. पुंडलिकची माय माही कोन लागते? एकडाव खरं लिवलं होतं. टाइमकीपरनं फाडून फेकलं. तवापासून घरगुती काम."

मला लाज वाटली. तो फॉर्म मीच तयार केला होता.

सोमवारी मी राठी साहेबांपुढे दोन कागद ठेवले. एकावर शेषरावांचे बावीस खाडे. दुसऱ्यावर त्याच तारखांना कुणाचं काम झालं आणि तो माणूस त्या दिवशी कोणत्या मशीनवर हजर होता. गुणांच्या यादीतही खुणा केल्या होत्या. पहिल्या पंचवीसांत आंजीचे दहा जण होते. अकरावा सर्वांत खाली.

साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग पुण्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तुमच्या प्रोग्राममध्ये हे कुठे दिसतं?" त्यांनी सगळं सांगून विचारलं.

"सर, यासाठी आमच्याकडे कॉलम नाही," कन्सल्टंट म्हणाले. "टाकू शकतो. कॉलमला नाव काय द्यायचं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोटीस त्यांच्यापुढे सरकवली. साहेबांनी फोन ठेवला, नोटीस घेतली आणि चार तुकडे करून टोपलीत टाकली.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण गोष्ट चांगली दिसली की ती सगळ्या गिरणीत लागू करायची, हा मॅनेजमेंटचा स्वभाव आहे, आणि तेव्हा मीही मॅनेजमेंटच होते.

"मॅडम, ये तो कमाल आहे. प्रत्येक गावाचा एक ग्रुप करा. एक रजा समन्वयक. बिल्ला द्या, फॉर्म द्या."

मी उत्साहाने कामाला लागले. रोहण्यापासून सेलूपर्यंत जिथून कामगार येत तिथले गट पाडले. फॉर्म तीन प्रतींत. शेषरावांच्या छातीवर मी स्वतः बिल्ला लावला. बाकीच्या गावांत महिन्याभरात फॉर्म संपले आणि एकाचाही खाडा कमी झाला नाही. समन्वयक कोण, यावरून दोन गावांत भांडणं मात्र झाली. आंजीवर माझा भरवसा होता.

मार्चमध्ये शेषराव ऑफिसात आले. बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"हे ठेवा तुमच्यापाशी."

"काय झालं?"

"काल माह्या वावरात कोनी आलं नाई मॅडम. हरभरा उभा हाये."

"पण तुम्ही तर सगळ्यांची कामं करताय."

"करतो ना. पण ते म्हणतेत, आता तं तू साहेबाचा मानूस. हे तुही ड्युटी हाये. तुही भरपाई गिरणी देईन." ते खाली बघत होते. "पुंडलिक बी नाई आला."

 

मी कपाटातून आंजीचे उरलेले सगळे फॉर्म काढले आणि त्यांच्यासमोर फाडले. पुंडलिकला बोलावून सांगितलं की ती योजना बंद झाली, शेषराव आता नुसते सायडर आहेत. राठी साहेबांना म्हटलं, योजना जमली नाही. ते म्हणाले, "लोगच तसे असतात." मी वाद घातला नाही.

पेन्सिलीचा नाद मात्र सुटला नाही. दर महिन्याला मी तो आलेख भरत राहिले. एप्रिलमध्ये आंजीच्या रांगेत एकाच दिवशी दोन लाल खुणा आल्या. मे महिन्यात एकदा तीन. मला वाटलं, गेलं. चांगलं चाललेलं मी हात लावून बिघडवलं. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत दोन खुणा फक्त एकदाच आल्या. जुलैत एकदाही नाही. तान्ह्या पोळ्याला अर्धं खातं रिकामं होतं आणि आंजीच्या रांगेत एकच खूण होती, शेषरावांची.

तो कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. एखादी गोष्ट कळूनही कुणाला न सांगण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

माणसांचे आकडे मांडू नयेत, असं मी म्हणत नाही. आकडे मांडले नसते तर मला आंजी दिसलीच नसती. आकड्यांमुळे नेमकं कुठे जाऊन विचारायचं ते कळतं. तिथे काय बघितलं ते परत आकड्यात घालायला गेलं की घोटाळा होतो.

पुढे मी निवृत्त होईपर्यंत दर जानेवारीत यादी छापून यायची. वर पुंडलिक, सर्वांत खाली शेषराव. सर्वांत खालच्या पाच जणांना का ठेवलं, याचं कारण लिहायला शेवटी एक रकाना असायचा. चार जणांचं कारण मी विचार करून लिहायची. शेषरावांच्या पुढे दर वर्षी एकच लिहायची: घर मोठं आहे.