झडतीऐवजी ओटा

दर शुक्रवारी सकाळी आमच्या कॅम्पमध्ये झडती व्हायची. कतारमध्ये, दोहा शहराबाहेरचा एका बांधकाम कंपनीच्या कामगारांचा कॅम्प. तिथल्या दवाखान्यात मी वसईहून आलेली नर्स होते. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि एक कपाट. पंखा मागितला तरी बजेट नसायचं. गेटवर मात्र सहा वॉचमन होते. सुट्टीच्या दिवशी त्यातले चौघे खोल्याखोल्यांतून विजेच्या शेगड्या जप्त करत फिरायचे, कारण खोलीत रांधायला बंदी होती.

माणसं तरीही रांधायची. आठवडाभर मेसची पातळ डाळ गिळल्यावर साताऱ्याकडच्या माणसाला पिठलं खावंसं वाटलं, यात मला गुन्हा कधी दिसला नाही. वॉचमनची शिट्टी ऐकू आली की तापलेली शेगडी चादरीत गुंडाळायची, खाटेखाली ढकलायची आणि वर साळसूदपणे बसायचं, ही रीत. शनिवारी माझ्याकडे भाजलेले हात यायचे. "वाफ लागली, सिस्टर." सगळ्यांना वाफच लागायची. रजिस्टरमध्ये मीही तेच लिहायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका शुक्रवारी एका वेल्डरला धरून आणलं. दोन्ही तळवे भाजलेले. या वेळी गादीही पेटली होती. मागोमाग कॅम्प बॉस आला. तो फौजेतून निवृत्त झालेला, मूळचा उत्तरेकडचा.

"सिस्टर, लिख दो, रूल तोडा. ये आदमी खलास."

तो गेल्यावर वेल्डर म्हणाला, "वाफच लिवा की ओ. घरी धाडत्याल. स्लॅब पडायचा ऱ्हायलाय घराचा."

जळलेली गादी बाहेर पडलेली असताना वाफ कोण मानणार? मी खरं कारण लिहिलं : रांधायला जागा नाही, झडतीच्या भीतीने तापलेली शेगडी लपवताना भाजला. खाली आणखी एक ओळ लिहिली, की आधीच्या सगळ्या वाफाही अशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. ते पुण्याचे. समोर पुढच्या वर्षाचं बजेट होतं आणि त्यात कॅम्प बॉसने आणखी चार वॉचमन मागितले होते.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही खोटं लिहीत होतात?"

"हो. आता खरं लिहिलंय."

"त्याच्याबरोबर तुमचंही तिकीट काढता येईल मला."

"काढा. पण वॉचमन दहा केलेत तरी शेगड्या येतच राहतील. पोटाची झडती कशी घेणार?"

"मग काय, शेगडीवाल्यांची आरती ओवाळू?"

"गेटवर दोघे पुरतात. नवे चार घेऊ नका. त्या पैशात सिमेंटच्या रिकाम्या गोदामात ओटा, गॅस आणि नळ बसवा. झडती घेणारे चौघे तिथे नेमा. सिलिंडर सांभाळतील."

"आणि आग लागली तर?"

"कालची आग सहा वॉचमन असताना लागली."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही वसईवाले फार बोलता. लिहून द्या मग. तिथे काही झालं तर जबाबदारी तुमची."

"देते. पण वेल्डर इथेच राहील, हेही त्याच कागदावर यायला हवं."

"अटी घालताय?"

"सही मागताय ना?"

मी जबाबदारीचं लिहून कागद त्यांच्यापुढे सरकवला. उभ्यानेच लिहिलं, कारण बसा असं कोणी म्हटलं नव्हतं. शेवटी त्यांनी त्याखाली वेल्डरबद्दलची ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आणि बजेटात चार वॉचमनच्या मागणीवर काट मारून तिथे ओटा, गॅस, नळ असं लिहिलं. मग मी सही केली. वेल्डरला तीन आठवडे हलकं काम द्यावं, हे मी तिथेच त्यांच्याकडून वदवून घेतलं.

बाहेर कॅम्प बॉस उभा होता. त्याने सगळं ऐकलं असावं.

"सिस्टर, आप कॅम्प को होटल बना दोगी."

"इन्शाल्ला," मी म्हटलं. "यल्ला, चलो, पहले गोदाम की चाबी दो."