आईच्या रडण्याला टाळ्या

मॅडमनी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि हॉलमध्ये माझी आई रडायला लागली.

इंग्लंडमधलं विद्यापीठ. सहा महिन्यांच्या संशोधनासाठी गेलेली मी, पहिल्या रांगेत. बाकीच्यांच्या हातात कॉफीचे कप. आवाज थांबला तशा मॅडम म्हणाल्या, "हे माझ्या संग्रहातलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मॅडमनी माझ्याकडे बोट केलं आणि मराठीत म्हणाल्या, "उभी राहा गं, दिसू दे सगळ्यांना." इंग्रजीत ओळख करून दिली, आमची बंजारा मुलगी. बस. संशोधक वगैरे काही नाही.

मी पीएचडी करते. विषय ढावलो. आमच्या तांड्यात नवरी सासरी जाताना रडत रडत गाते, ते ढावलो. लग्नाआधी घरातल्या बायका तिला शिकवतात. शिरड शहापूरजवळच्या आमच्या तांड्यावर आई धाकट्या बहिणीला शिकवत होती, तेव्हा मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. शिकवता शिकवता आईलाच रडू फुटलं. ढावलो ऐकणारी बाई नुसती बसून राहत नाही. उठते, गाणारीच्या गळ्यात पडते, तीही रडते. टाळ्या वाजवायची कुणाची छाती होते?

मॅडम मूळच्या पुण्याच्या, आता त्या विद्यापीठात प्राध्यापक; मला तिथं बोलावलं त्यांनीच. पहिल्या दिवसापासून फार गोड. मला गोड माणसांचा संशय येतो. शाळेत एक बाई अशाच गोड बोलायच्या, आणि वर्गात पेन हरवलं की आधी माझंच दप्तर उलटं करायच्या. मॅडमनी जेवायला बोलावलं, स्वेटर दिला, आणि माझी सगळी रेकॉर्डिंग "नुसती ऐकायला" मागून घेतली. म्हणाल्या, "तू डेटा दे, थिअरी मी बघते." सेमिनारच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "निबंध वाचू नकोस, तुझं इंग्रजी अडखळतं. आईचा घागरा आणलायस ना? तो घाल." मी मुद्दाम जीन्स घालून गेले.

आणखी एक. माझ्या मोबाइलमध्ये आईच्या गाण्यात मध्येच कुकरची शिट्टी होते. हॉलमध्ये ती शिट्टी नव्हती. कुणीतरी बसून कापली होती. म्हणजे माझं नाव घ्यायचं चुकून राहिलं, असं नव्हतं. सगळं ठरवून केलेलं होतं.

मी उभी राहिले. त्याच अडखळत्या इंग्रजीत बोलले. "ही माझी आई आहे. रेकॉर्डिंग माझं आहे. ते परत लावायचं नाही."

मॅडम हसल्या. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "इमोशनल होऊ नकोस. तुला इथं आणलं कुणी?"

त्यानंतर मुदत संपायच्या आतच माझी परत पाठवणी झाली.

तांड्यात कुजबुज. पोरीनंच काहीतरी केलं असणार. आई गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत बोलते, इथं मी ते मराठीत सांगते.

"काहून आलीस मधूनच?"

मी सांगितलं. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

"माझं रडणं त्या बाईपाशीच हाय का अजून?"

"व्हय."

"अन् तू तशीच येऊन राहिलीस?"

मला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हिंगोलीच्या कॉलेजात माझे गाइड सर म्हणाले, "एक मेल टाक, माफी माग, विषय संपव. मॅडमच्या पुस्तकात ते येणारच आहे, तुझे आभार मानतील. नाहीतर तिथलं काम तुझ्या प्रबंधात धरता येणार नाही." सरांना माझी एवढी काळजी कधीपासून? क्लार्ककडून कळलं, मॅडमनी सरांना तिकडे व्याख्यानाला बोलावलंय.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन कॉलेजात गेले. ती बाहेर बाकावर, मी आत.

"सर, माफी मागणार नाही. रेकॉर्डिंग परत मागणार. पुस्तकात आलं तर तिथल्या विद्यापीठात तक्रार करणार."

"तुझ्या आईला कळतं का यातलं काही?"

"बाहेरच बसलीय. विचारा."

"नको नको. आता मीटिंग आहे."

मी दार उघडून आईला आत घेतलं. सर गडबडीनं उठले, खुर्ची पुढं केली, "बसा मावशी." आई बसली नाही.

"आता बोला सर," मी म्हणाले. "मी माफी कशाची मागायची, ते हिच्यासमोर सांगा. पीएचडी अडवायची तर अडवा. आईचा आवाज मी सोडणार नाही."